नाईल रेड डाय (पावडर, मायक्रोस्कोपीसाठी): दीड वर्ष वापरल्यावरचा रिव्ह्यू

आधी सांगते आम्ही हा कशाला घेतला, कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. आमचं काम मायकोबॅक्टेरियम अ‍ॅबसेससवर आहे. टीबीच्या जंतूचा हा भाऊबंद, पण वाढतो भराभर, आठवड्याच्या आत कॉलनी दिसतात, आणि औषधांच्या बाबतीत महाचिवट. सिस्टिक फायब्रोसिस किंवा ब्रॉन्किएक्टेसिस (फुफ्फुसाचे जुनाट आजार) असलेल्या माणसाच्या फुफ्फुसात एकदा ठाण मांडून बसला की वर्ष-वर्ष औषधं चालतात आणि तरी परत उलटतो. बऱ्याच स्ट्रेनमध्ये इर्म-४१ नावाचा जीन असतो, त्यामुळे क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लॅबच्या टेस्टमध्ये पहिले काही दिवस चालतंय असं वाटतं आणि तीच प्लेट १४ दिवस ठेवली की रेझिस्टन्स वर येतो.

हा जंतू आपल्या पेशींमधली चरबी उचलतो, स्वतःच्या आत ट्रायग्लिसराइडचे (साठवणीच्या चरबीचे) बारीक गोळे करून ठेवतो आणि अडचणीच्या काळात तेच खातो. ते गोळे डोळ्यांनी बघायचे म्हणून नाईल रेड.

डाय म्हणून कल्पना फार सुंदर आहे. पाण्यात हा जवळजवळ चमकतच नाही, चरबीत शिरला की पेटतो, आणि साठवलेल्या चरबीत सोनेरी-पिवळा तर मेम्ब्रेनमध्ये (पेशीच्या आवरणात) लाल दिसतो. १९८५ पासून लोक पेशींमधली चरबी बघायला वापरतायत. म्हणून फिल्टर नीट निवडा. निळा प्रकाश टाकून पिवळा घ्या, हिरवा टाकून लाल घेतलात तर अख्खा जंतू लालभडक दिसतो आणि साठा कुठला, मेम्ब्रेन कुठलं काही कळत नाही.

आम्ही कल्चरला (लॅबमध्ये वाढवलेल्या जंतूंना) नायट्रोजन कमी दिला (कार्बन भरपूर, नायट्रोजन नाही, अशा वेळी हे जंतू चरबी साठवायला लागतात) आणि स्लाइड लावली तर प्रत्येक काडीत (जंतू काडीसारखा असतो) ओवलेल्या मण्यांसारखे ठिपके. मग नायट्रोजन परत दिला आणि काही तासांच्या अंतराने बघत गेलो तर मणी लहान होत होत विरले. साठा वापरला जाताना मी पहिल्यांदा पाहिला तो दिवस मला आयुष्यभर लक्षात राहील.

आता त्रास. सुरुवातीला आमच्या पोटभर खाल्लेल्या कंट्रोलमध्येपण (तुलनेसाठी ठेवलेलं, नायट्रोजन न तोडलेलं कल्चर) ठिपके यायचे आणि तीन आठवडे आम्ही डायलाच दोष देत बसलो, नवीन स्टॉक बनवला, धुणं वाढवलं, काही फरक नाही. शेवटी सापडलं की दोष मीडियात (जंतू वाढवायच्या द्रवात) होता. गुठळ्या होऊ नयेत म्हणून आपण ट्वीन ८० हा साबणासारखा पदार्थ घालतो ना, त्यातच चरबीचा घटक असलेलं ओलेइक अ‍ॅसिड जोडलेलं असतं, जंतू ते तोडून खातो आणि साठवतो, म्हणजे आपणच त्याला तूप वाढत होतो! त्याऐवजी ओलेइक नसलेल्या टायलोक्सापॉलवर गेलो, मीडियातलं अल्ब्युमिन हे प्रोटीनपण फॅटी अ‍ॅसिड काढलेलं घेतलं आणि कंट्रोल स्वच्छ झाला. हे डायच्या माहितीपत्रकात असायचं कारण नाही, पण आम्हाला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं, म्हणून इथे लिहितेय.

मॅक्रोफेजमध्ये (जंतू गिळणाऱ्या आपल्या संरक्षक पेशीत) मात्र हा डाय मला पुरा पडला नाही. इन्फेक्शनमध्ये ती पेशी स्वतःच चरबीने फुगून फेसाळ होते, नाईल रेड तिचेही थेंब रंगवतो आणि जंतूचेही, वेगळे करणार कसे? जंतूला एमचेरीसारखं लाल प्रोटीन दिलं तर तेही याच्या लालमध्ये मिसळतं. तिथे आम्ही चरबीचाच दुसरा, हिरवा डाय बोडिपी ४९३/५०३ वापरतो आणि जंतू लाल ठेवतो. अँटीबॉडीपण लावायची असेल तर पेशीला भोकं पाडायला ट्रायटन नको, थेंबच वाहून जातात, सॅपोनिन घ्या. ऑरामाइनबरोबर (टीबीसारखे जंतू रंगवायचा डाय) लावणार असाल तर दोघांचे रंग एकमेकांत सांडतात, आधी एकेकटे लावून बघा.

चमक किती यावरून चरबी किती हे ठरवू नका. आम्ही क्लोरोफॉर्म-मिथेनॉलने लिपिड (चरबी) काढून टीएलसी प्लेटवर (मिश्रणातले घटक वेगळे करणारी पातळ थराची प्लेट) ट्रायओलीन या माहितीतल्या ट्रायग्लिसराइडच्या शेजारी पळवतो, पट्टा जाड-बारीक दिसतो तेव्हाच आकड्याची भाषा करतो.

आणि एक गोष्ट मला मनापासून खटकते. ठिपके दिसले की लोक लगेच 'रेझिस्टंट' लिहून मोकळे होतात. रेझिस्टन्स जीनमधून येतो. चरबी साठवून हळू पडलेला जंतू औषध सोसतो, त्याला टॉलरन्स म्हणतात, आणि नाईल रेड तर तेही सिद्ध करत नाही, नुसता साठा दाखवतो. टीबीच्या जंतूत हा संबंध जीन काढून दाखवलाय. ट्रायग्लिसराइड बनवणारा टीजीएस-१ जीन काढल्यावर जंतू ताणाखालीसुद्धा वाढत राहिला आणि अँटिबायोटिकला जास्त बळी पडला, २०११ चं काम आहे. आमच्या जंतूतही टीजीएस-१ आहे, पण पेशंटमध्ये औषध टिकण्याशी त्याचा संबंध किती, हे स्लाइडवरून सांगणं मला बेजबाबदार वाटतं. तिकडे २०१९ मध्ये असंही दिसलं की बेडाक्विलिन हे औषध मॅक्रोफेजच्या चरबीच्या थेंबात साठतं आणि तिथून जंतूपर्यंत पोचतं, त्यामुळे चरबी म्हणजे नेहमी जंतूचाच फायदा असंही नाही.

पाचपैकी चार. एक कापला तो मॅक्रोफेजसाठी.

घेताना सगळ्यात लहान पॅक घ्या, खूप पुरतो. डीएमएसओ या द्रावकामध्ये स्टॉक करून छोट्या ट्यूबमध्ये वाटून उणे २० ला, फॉइल गुंडाळून ठेवा. एका विक्रेत्याकडून आलेली बाटली नीट बंद नव्हती, पावडर झाकणाला चिकटलेली, तेव्हा आल्या आल्या तपासा. पाण्यात थेट टाकू नका, कण बसतात आणि ते कणपण चमकतात, नवीन माणूस त्यांनाच चरबी समजतो. स्लाइड पाच-सहाच्या वर एकदम लावू नका, प्रकाशात रंग उडतो, शेवटच्या स्लाइडपर्यंत काही उरत नाही.