जॉनी कॅशची १९६८ ची सॅन फ्रान्सिस्कोची मैफल, काही महिने ऐकल्यावर

अमेरिकेचा कंट्री गायक (कंट्री म्हणजे तिथलं गावाकडचं संगीत) जॉनी कॅश म्हटलं की कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम तुरुंगातला लाइव्ह अल्बम सगळ्यांना माहीत असतो. ही मैफल त्या तुरुंगातल्या कार्यक्रमानंतर जेमतेम साडेतीन महिन्यांनी, २४ एप्रिल १९६८ ला, सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅरूसेल बॉलरूममध्ये झाली, आणि तिची टेप पन्नासहून जास्त वर्षं पडून राहून २०२१ मध्ये अल्बम म्हणून बाहेर आली. गेले काही महिने मी हेच ऐकतोय, फॉल्समसुद्धा मागे पडलाय.

टेप केली आउझ्ली स्टॅन्लीने, म्हणजे ‘बेअर’, ग्रेटफुल डेड या रॉक बँडचा साउंडवाला. हॉल तेव्हा त्याच मंडळींच्या हातात, नंतर तोच फिलमोर वेस्ट नावाचा प्रसिद्ध रॉक हॉल झाला. हा माणूस स्वतःचं काम तपासायला कॉन्सर्ट टेप करून ठेवायचा, अशी हजारावर रिळं त्याने मागे ठेवली, २०११ मध्ये तो गेला आणि आता त्याच्या नावाचं फाउंडेशन ती एकेक करून वाचवतंय. टेप खराब व्हायच्या आत हे काम होतंय याचं मला खरंच फार अप्रूप वाटतं.

आता आवाजाबद्दल, कारण पहिल्यांदा ऐकणारा इथेच अडतो. कॅशचा आवाज पूर्ण उजवीकडे आणि टेनेसी थ्री, म्हणजे त्याचा बँड, डावीकडे. इअरफोनवर पहिली दोन-तीन गाणी डोकं गरगरतं, एका कानात गाणं आणि दुसऱ्यात वाजवणं. स्पीकर असतील तर दोन्ही अगदी चिकटून ठेवा, नाहीतर फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करा, सगळं एका जागी येतं. पण थोडं मुरल्यावर मी परत स्टिरिओवर आलो, मुद्दाम, कारण फक्त डावा इअरफोन लावला की गिटारवाला ल्यूथर पर्किन्स इतका जवळून ऐकू येतो की बास. तळहाताने तारा दाबून जाड तारांवर ठोके, एक नोट जास्त नाही, खाली मार्शल ग्रँटचा बेस आणि डब्ल्यू. एस. हॉलंडचे ड्रम. गिटार शिकणाऱ्यांनी हे ऐकाच. कमी वाजवून गाणं कसं उभं राहतं ते इथे उघडं दिसतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये घराला लागलेल्या आगीत भाजून ल्यूथर गेला, ते माहीत असल्यावर हा डावा कान मला जास्तच मोलाचा वाटतो.

फॉल्समचा अल्बम तोवर दुकानात यायचा होता, तो मे महिन्यात आला. म्हणजे समोरच्या पब्लिकला ‘तो’ जॉनी कॅश अजून माहीतच नाही आणि हा माणूस हिप्पींच्या हॉलमध्ये कोकेन ब्लूज गातोय! मध्ये बॉब डिलनची गाणीपण घेतो. आणि आयरा हेझचं गाणं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जपानच्या इवो जिमा बेटावर अमेरिकेचा झेंडा रोवणाऱ्यांतला पिमा आदिवासी सैनिक, जो युद्धानंतर दारूत आणि दुर्लक्षात संपला. व्हिएतनाम युद्ध चालू असताना, त्या शहरात, ते तो काही नाट्य न करता सांगितल्यासारखं गातो. मी दरवेळी इथे हातातलं काम थांबवतो.

सोबत गाणाऱ्या जून कार्टरचं आणि त्याचं लग्न १ मार्चला झालेलं, जेमतेम दोन महिनेपण नाहीत. ‘जॅक्सन’ या गाण्यात दोघांची जी मस्ती चालते ती ऐकून आपणच हसायला लागतो. ती माहेरची, कार्टर फॅमिली या जुन्या कंट्री घराण्याची गाणीपण म्हणते, आणि हा भाग काही जणांना लांबलेला वाटेल, मला अजिबात नाही, कंट्री म्युझिकचं मूळच तिथे आहे.

२८ ट्रॅक आहेत, एका बैठकीत ऐकायचा हट्ट नको. कॅश नवीनच ऐकत असाल तर आधी फॉल्सम ऐका, मग हे. आणि आधीपासून चाहते असाल तर थेट आयरा हेझपासून सुरू करा, उजव्या कानाचा आवाज थोडा वाढवून.