मोटरहोमसाठी टायर प्रेशर मॉनिटर: ८ महिने वापरून झाल्यावर

आमच्या मोटरहोमसाठी (आत राहायची सोय असलेली गाडी) सहा सेन्सरचा सेट घेतला, व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी फिरवून बसवायचे असतात तो प्रकार, आणि एक छोटा डिस्प्ले डॅशबोर्डवर. घ्यायचं कारण म्हणजे त्याआधी आमचं पुढचं टायर चालत्या गाडीत फुटलं होतं. तोफ उडावी तसा आवाज आणि स्टेअरिंग फुटलेल्या बाजूला जोरात ओढलं गेलं. त्या क्षणी पाय आपोआप ब्रेककडे जातो, आणि तेच करायचं नसतं. दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट धरायचं, क्षणभर अॅक्सिलरेटर थोडा दाबायचा म्हणजे गाडी सरळ रेषेत राहते, मग पाय हळूहळू काढून घ्यायचा आणि वेग बराच उतरल्यावरच कडेला घ्यायची. हे आधी वाचलेलं होतं म्हणून निभावलं. पण रोज टायर बघायची सवय तेव्हा नव्हती आणि याचं मला अजून वाईट वाटतं.

आता सेटबद्दल. तिसऱ्याच प्रवासात त्याने काम दाखवलं. मी गाडी चालवत होतो, बायको शेजारी बसून डिस्प्ले बघत होती, ती म्हणाली अहो मागचं आतलं चाक उतरतंय, ८० पीएसआय (हवेचा दाब) होतं ते ७१ वर आलंय, आणि मला स्टेअरिंगवर काहीच जाणवत नव्हतं! मागे जोडटायर (एका बाजूला शेजारी शेजारी दोन) असली की असंच होतं, एक बसलं तरी दुसरं सगळा भार उचलतं, बाहेरून दिसत पण नाही, आणि मग जास्तीच्या भाराने ते चांगलं टायर तापून फुटतं. थांबून बघितलं तर खिळा घुसलेला. नुसत्या या एका कामासाठी मी सेट परत घेईन.

तक्रारी आहेतच. मागच्या सेन्सरचा सिग्नल लांब गाडीत मधूनच जायचा, वेगळा रिपीटर (सिग्नल पुढे पोचवणारं यंत्र) लावल्यावर थांबलं, तो सेटमध्येच द्यायला हवा होता. आतल्या चाकांपर्यंत हात पोचत नाही म्हणून व्हॉल्व्ह लांब करणारं एक्स्टेंशन लागलं. रबरी व्हॉल्व्हवर सेन्सरचं वजन पडतं, धातूचे बसवून घ्या, मी घेतले. माहितीपत्रकात सेटिंगचा भाग इतका गोंधळाचा आहे की अर्धा दिवस गेला.

सेटिंग करताना एक लक्षात ठेवा, आकडा थंड टायरचा घालायचा, गाडी निदान ३ तास उभी असताना मोजलेला. चालल्यावर ८० चे ९० होतात, ते बघून घाबरून हवा सोडू नका. आणि थंड आकडा किती असावा ते अंदाजाने ठरवू नका, पाण्याची टाकी, सामान, माणसं सगळं भरून प्रत्येक अॅक्सल वजनकाट्यावर घाला आणि टायर कंपनीच्या लोड टेबलात (किती भाराला किती हवा) बघा. हवा कमी आणि भार जास्त असला की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला वाकते, त्याने उष्णता वाढते आणि आतले थर सुटायला लागतात.

तापमानाचा अलार्म माझ्या सेटमध्ये ७० अंशांवर होता पण त्याच्यावर फार विसंबू नका, सेन्सर बाहेर वाऱ्यात असतो, टायर आतून त्याहून गरम असतं. आणि जुन्या टायरचा थर अचानक सुटला तर हे यंत्र आधी काही सांगणार नाही, कारण हवा तोपर्यंत बरोबरच असते. मोटरहोम वर्षातले बरेच महिने उभी असते, टायरची नक्षी नव्यासारखी दिसते पण उन्हाने रबर चिरतं. टायरच्या बाजूला छापलेल्या डीओटी (DOT) कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, त्यातून टायर कधी बनलं ते कळतं, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. आमचं फुटलेलं टायर नक्षीने एकदम भारी होतं, वय मी बघितलंच नव्हतं. आता उभी असताना चाकांना कव्हर घालतो.

५ पैकी ४. रिपीटर सोबत दिला असता तर पाचही दिले असते. सेन्सरच्या बटण बॅटऱ्या अजून चालू आहेत, तरी जादा सहा गाडीत ठेवल्यात.