पोर-पँ की आँ-व्हो?

दक्षिण फ्रान्समधल्या कासीत एकच दिवस, सोबत आईबाबा, तर पोहायला कुठे जावं? पोर-पँ आणि आँ-व्हो, दोन्ही छोटे किनारे चुनखडीच्या कड्यांत लपलेले आहेत.

कासीजवळच्या पोर-मियू खाडीहून पोर-पँ चालत साधारण अर्धा तास. पाइनची सावली, उथळ पाणी. आँ-व्हो त्याच वाटेने बरंच पुढे. शेवटची उतरण उभी, दगड पायांनी घासून गुळगुळीत झालेले, आणि परतताना तोच चढ भर उन्हात. पण दोन्हीकडचे पांढरे सुळके नि मधलं हिरवंनिळं पाणी! त्याची सर पोर-पँला नाही.

प्रवेश दोन्हीकडे मोफत. पिण्याचं पाणी कुठेच मिळत नाही, भरपूर न्या. उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्यामुळे वाटा बंद होतात, आदल्या संध्याकाळी तपासा.

आईबाबा, लहान मुलं असतील तर पोर-पँच. गुडघे धड आणि पायात पक्के बूट असतील, तर पहाटे निघून आँ-व्हो.