गोल किक: जवळ द्यायची की लांब मारायची?

भुसावळच्या एका शाळकरी फुटबॉल गोलकीपरने विचारलं, "भाऊ, गोल किक बॅककडे (बचावपटूकडे) सरकवू की सरळ मध्यरेषेपलीकडे भिरकावू?"

गोल किक म्हणजे समोरच्यांकडून चेंडू आपल्या गोलरेषेबाहेर गेला की आपल्या गोलसमोरून मारायची किक. आधी जवळच्या पासचा धोका बघू. 2019 पासून चेंडू पेनल्टी एरियाबाहेर (गोलसमोरच्या मोठ्या चौकटीबाहेर) जायची वाट बघावी लागत नाही. किक बसून तो स्पष्ट हलला की खेळ सुरू, म्हणून बॅक त्या एरियातच पास घेऊ शकतो. समोरच्या संघाचे खेळाडू तोवर एरियाबाहेर. पण चेंडू हलताच ते झेपावतात. त्यात मे महिन्यात आपल्याकडच्या काळ्या मातीला भेगा. पास उडून बॅकच्या नडगीवर आला की गोल खाल्लाच समजा. टीव्हीवरच्या हिरवळीचं कौतुक इथे नको.

लांब किकला हा घोर नाही. शिवाय गोल किकवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड (समोरच्या बचावाच्या पलीकडे उभं राहिल्याचा दोष) नसतो, त्यामुळे फॉरवर्ड खुशाल पुढे उभा राहू दे. फक्त चेंडू बऱ्याचदा समोरच्यांनाच मिळतो, मग उन्हात परत पळापळ.

बॅकचा पहिला टच पक्का आणि मैदानावर रोलर फिरलेला असेल तर जवळची द्या. मैदान उखडलेलं असेल किंवा शेवटच्या पाच मिनिटांत आघाडी टिकवायची असेल, तर लांबच बरी.