निळू फुले की डॉ. लागू, मोठा नट कोण?

‘सामना’ चित्रपटात हे दोघे समोरासमोर आले: निळू फुले साखरसम्राट हिंदुराव पाटील आणि डॉ. लागू दारूत बुडालेला मास्तर. तिथे मला कुणालाच उणं ठरवता येत नाही. दोघांच्या वाटा मात्र फार वेगळ्या होत्या.

डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. ती प्रॅक्टिस सोडून ते पूर्णवेळ रंगभूमीवर आले आणि 1970 मध्ये नाटकात ‘नटसम्राट’ उभा केला. पुढे सिनेमात ‘पिंजरा’, हिंदीत ‘घरौंदा’. अभिनयाचा अभ्यास कसा करावा, हे त्यांच्याकडे बघून पुढची पिढी शिकली.

निळूभाऊ आले राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आणि लोकनाट्यातून. ‘एक गाव बारा भानगडी’ हा त्यांचा सिनेमा 1968 चा. त्यानंतर गावचा सत्ताधारी कसा बोलतो, कसा हसतो, कुणाकडे कसं बघतो, हे मराठी माणसाने त्यांच्याच चेहऱ्यात पाहिलं. आजही नकलाकाराने ‘बाई, वाड्यावर या’ म्हटलं की नाव सांगावं लागत नाही. पण त्यांना फक्त खलनायक म्हणणं अन्यायाचं आहे. ‘सिंहासन’मधला पत्रकार दिगू टिपणीस पाहा, सगळं राजकारण त्या थकलेल्या डोळ्यांतून आपल्यापर्यंत पोचतं.

रंगभूमीवरचा दबदबा लागूंचा मोठा, हे मान्य. पण सिनेमाने खेड्यापाड्यांत उमटवलेला ठसा विचाराल, तर माझं मत निळूभाऊंना. सामाजिक कामात मात्र दोघे एकत्रच होते. सामाजिक कार्यकर्त्यांना मदत करणाऱ्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी त्यांनी मिळून नाटकाचे प्रयोग केले.