दवाखान्यासाठी एआय: व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिणारा की फोनवर बोलणारा?

विट्यातल्या एका डॉक्टर मित्राला प्रश्न पडलाय: नंबर लावणं, फेरतपासणीची आठवण, गोळ्यांची विचारपूस यासाठी व्हॉट्सअ‍ॅपचा चॅटबॉट घ्यावा की फोनवर बोलणारा?

खर्चात चॅटबॉट परवडतो. पेशंटच्या मेसेजनंतर २४ तास मोकळेपणी उत्तरं देता येतात. त्यानंतर मात्र व्हॉट्सअ‍ॅपकडून आधीच मंजूर करून घेतलेला ठरावीक मजकूरच पाठवावा लागतो. फोनवाल्याचं बिल बहुधा मिनिटावर, आणि आपली माणसं आधी पावसापाण्याचं बोलतात.

पण खरी कसोटी भाषेची. जतकडची आजी निम्मं कानडीत सांगणार, "साखर अडीचशे" म्हणणार, मागं एसटीचा हॉर्न. तिथं फोनवाल्यानं आकडा चुकीचा ऐकला की संपलं. लिहिलेलं डॉक्टरांना नजरेखालून घालता येतं, रिपोर्टचा फोटोही येतो. मात्र ज्यांना वाचता येत नाही, त्यांना चॅटबॉट असून नसल्यासारखा.

पेशंटची संमती दोन्हीकडे घ्यावी. छातीत दुखतंय म्हटल्यावर दोघांनीही सल्ला न झाडता १०८ सांगावं आणि माणसाला जोडून द्यावं. हे जमत नसेल तर डेमो कितीही गोड असो, नको.

नोकरदार, तरुण आया जास्त असतील तर चॅटबॉट. बीपी-शुगरचे म्हातारे जास्त असतील तर फोनवाला, तोही फक्त तारखेची आठवण द्यायला. आकडे विचारायला कंपाउंडरच बरा.