आधी डायव्हिंग की आधी प्रवाळ? गोव्यातल्या मुलींसाठी दोन वाटांचा हिशेब

दर्याला न घाबरणारी, नुकतीच बारावी झालेली पोरगी घरात आहे. समोर दोन पर्याय आहेत: डाइव्हमास्टर व्हायचं, म्हणजे पर्यटकांना पाण्याखाली नेणारी व्यावसायिक वाटाडी, की प्रवाळ पुनर्स्थापनेचं, म्हणजे तुटलेली प्रवाळं (कोरल) पुन्हा रुजवण्याचं, प्रशिक्षण घ्यायचं? वास्कोच्या खारीवाड्यात किंवा बेतूलला राहणाऱ्या घराला दोन्हींचे पैसे एकदम भरणं परवडत नाही. माझं मत आधीच सांगते. घरी कमाईची निकड असेल तर आधी डायव्हिंग. सायन्सची पदवी घ्यायची तयारी आणि घरचा टेकू असेल तर मात्र क्रम उलटा.

डायव्हिंगची वाट सरळ आहे, पायऱ्या ठरलेल्या आहेत. डायव्हिंगचे कोर्स ठरवणाऱ्या पॅडी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पद्धतीत ओपन वॉटर या पहिल्या कोर्सवर 18 मीटर खोलीपर्यंत, ॲडव्हान्स्डवर 30 मीटरपर्यंत, मग रेस्क्यू, मग डाइव्हमास्टर. डाइव्हमास्टरसाठी वय 18 पूर्ण हवं, सुरुवातीला 40 डाइव्हची नोंद हवी आणि कार्ड, म्हणजे प्रमाणपत्र, हातात पडेपर्यंत 60. पहिल्या पायरीची पोहण्याची परीक्षा घाबरण्यासारखी नाही. न थांबता 200 मीटर पोहायचं, वेळेची अट नाही, आणि 10 मिनिटं तरंगायचं. होडीवर वाढलेल्या पोरीला हे जमतं, पण होडीवर वाढलेल्या सगळ्याच पोरींना पोहता येतं असं नाही, हेही खरं. खर्च मात्र झोंबतो. सगळ्या पायऱ्या मिळून लाखाच्या वर जातं. काही केंद्रं काम करून शिकू देतात. तिथे पगार किती, सुट्टी किती, कार्डाची फी कोण भरणार, हे लिहून घ्या.

काम कसलं? भरलेली हवेची टाकी 15 किलोच्या आसपास असते आणि ती दिवसभर उचलायची असते. वास्कोजवळच्या ग्रँड आयलंड बेटाला येणारे बहुतेक पर्यटक पहिल्यांदाच पाण्याखाली जातात, अनेकांना पोहताही येत नाही. त्यांचा हात धरून न्यायचं, कान दुखतोय का ते खुणेने विचारायचं, फोटो काढून सुखरूप वर आणायचं. पाणी गढूळ, अनेकदा चार-पाच मीटरपलीकडे दिसत नाही. तरी इथे शिकलेली मुलगी कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला, अंदमानला, मालदीवला बिचकत नाही, आणि कार्ड तिथेही चालतं. हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्याचे चार महिने काय करायचं ते आधीच ठरवा.

प्रवाळाचं काम यापेक्षा संथ आणि जास्त किचकट. नांगराने किंवा लाटांनी तुटलेले जिवंत तुकडे गोळा करायचे, चौकटीवर बसवायचे, त्यांच्यावर चढलेलं शेवाळ टूथब्रशने घासायचं, कॅलिपरने (जाडी मोजायच्या चिमट्याने) मोजायचं, पाण्याखाली पाटीवर आकडे लिहायचे. फिनचा, म्हणजे पायातल्या वल्ह्याचा, एक फटका चुकला तर गाळ उठतो आणि तासाभराची मेहनत झाकली जाते. म्हणून पाण्यात एकाच पातळीवर स्थिर राहण्याचा ताबा इथे शास्त्राइतकाच मोलाचा. आपल्याकडे पोरायटीससारखी, गोल दगडासारखी वाढणारी प्रवाळं दिसतात. ती वर्षाला सेंटीमीटरच्या आसपासच वाढतात. त्यात समुद्र तापला की सगळं पांढरं पडतं. असं पांढरं पडणं म्हणजे विरंजन; एप्रिल 2024 मध्ये चौथं जागतिक विरंजन जाहीर झालं.

आणि कायदा आहे. सगळी दगडी प्रवाळं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. परवानगीशिवाय तुकडा हलवणं हा गुन्हा. म्हणजे इथे स्वतःचं दुकान काढता येत नाही, काम मिळतं ते संस्थेच्या प्रकल्पात. दोना पावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1966 पासून आहे, गोवा विद्यापीठात सागरी विज्ञान शिकवतात. पण अशा ठिकाणच्या प्रकल्पातल्या जागा ठराविक मुदतीच्या, आणि तिथे पदवी विचारतात. चार-पाच डाइव्हच्या ‘कोरल’ कोर्सचं कार्ड छान दिसतं. त्यावर नोकरी मागायला जाऊ नका.

शिकायचं कुठे, यावर मी तारकर्लीकडे झुकते. तिथे एमटीडीसीची, म्हणजे महाराष्ट्र पर्यटन महामंडळाची, डायव्हिंग संस्था आहे, सरावाला तलाव आहे, शिकवणारे आपल्याच भाषेत बोलतात, आणि शेजारी 1987 पासूनचं मालवण सागरी अभयारण्य. सुरुवातीच्या पायऱ्या तिथे करून डाइव्हमास्टरची उमेदवारी गोव्यात करावी. इथे रोज बोटी सुटतात, काम शिकता शिकता ओळखी होतात. केंद्र निवडताना एक गोष्ट बघा: बोट थांबवताना नांगर सरळ तळावर टाकतात की बोयाला (पाण्यावर तरंगणाऱ्या, कायम बांधून ठेवलेल्या खुणेला) दोरी बांधतात. नांगर टाकणाऱ्यांकडे प्रवाळाबद्दल शिकण्यासारखं फारसं काही नसतं.

मुलींच्या अडचणी माहितीपत्रकात नसतात. छोट्या बोटींवर अनेकदा शौचालय नसतं, कपडे बदलायला आडोसा नसतो, आणि सहलीला सकाळ जाते. बाई इन्स्ट्रक्टर आहे का, लहान मापाचं जॅकेट आणि वेटसूट आहे का, हे फोनवरच विचारा. उत्तर देताना समोरचा हसला तर पुढचा नंबर लावा. पाळीत डायव्हिंग चालतं, गरोदरपणात नाही.

आई-बाबांचा पहिला प्रश्न सुरक्षिततेचा असतो. त्यांना एकदा बोटीवर न्या, बाकीचं ते स्वतः बघतील. पण पैसे भरण्याआधी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन या. दमा किंवा कानाचा जुना त्रास असेल तर वैद्यकीय फॉर्मवर डॉक्टरची सही मिळेलच असं नाही, आणि काही ठिकाणी भरलेली फी परतही देत नाहीत.